मुलांच्या मनातील भीती : ती कशी जडते व कशी उतरते

जून महिन्यात शाळा उघडली की पहिलीच्या वर्गात काही दिवस रडण्याचा सूर उठतो. आईचा पदर सुटत नाही, दप्तर उंबऱ्याबाहेर पडते, एकाचे पाहून दुसरा रडू लागतो. अनुभवी शिक्षकांस याचे विशेष वाटत नाही, व वाटण्याचे कारणही नाही. पंधरवड्याच्या आत यांतील बहुतेक मुले रुळतात. प्रस्तुत लेखाचा विषय ही मुले नव्हेत. आपणांस येथे विचार करावयाचा आहे तो अशा मुलाचा, की जो दोन वर्षे नीट येत होता, बऱ्यापैकी वाचत होता, आणि दिवाळीची सुट्टी संपल्यावर एकाएकी येईनासा झाला. सकाळी त्याचे पोट दुखते. शाळेची घंटा होऊन गेली की दुखणे उतरते. रविवारी ते उद्भवतच नाही. हजेरीपटात त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा वाढत जातात, घरचे त्याला 'सोंगाड्या' म्हणतात, आणि शाळेत त्याची गणना 'अनियमित' या सदरात होते.

हे सोंग नव्हे, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. हार्वर्ड विद्यापीठातील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन हे क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजरांच्या पोटातील हालचाली पाहत असत. मांजर बिथरले, घाबरले, की जठराची चालू असलेली हालचाल जागच्या जागी थांबते, असे त्यांना आढळून आले. या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. भय वाटताच शरीर पळण्याची अथवा झुंजण्याची तयारी करते : हृदय जलद चालते, हातापायांच्या स्नायूंकडे रक्त अधिक जाते, आणि पचनाचे काम तेवढ्यापुरते बाजूस पडते. शाळेच्या विचाराने भ्यालेल्या मुलाच्या पोटात जो गोळा येतो तो खराच असतो. त्याला कळ येते, मळमळते, कधी दोनदोनदा शौचास जावे लागते. घंटा होऊन गेल्यावर, म्हणजे आज जावे लागणार नाही हे ठरल्यावर, शरीर पूर्ववत होते व दुखणे थांबते. त्यावरून आई म्हणते, 'बघा, खोटे बोलत होता.' मूल खोटे बोलत नव्हते. मात्र दुखणे कोठून येते हे त्याला स्वतःलाही सांगता येत नव्हते.

(येथे एक सावधगिरीची सूचना. जे पोट मुलाला रात्री झोपेतून उठविते, ज्याच्याबरोबर ताप, वारंवार उलटी, शौचातून रक्त अथवा वजन घटणे ही चिन्हे आहेत, ते पोट भीतीचे आहे असे शिक्षकाने स्वतःच ठरवू नये. त्या मुलास प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे.)

आता ही भीती येते कोठून? मूल जन्मतः फार थोड्या गोष्टींना भिते. मोठा आवाज, एकाएकी आधार सुटणे, एवढ्यांनी तान्हे दचकते. बाकीच्या बहुतेक भीती त्याला पुढे चिकटतात. त्या कशा चिकटतात हे पाहण्यासाठी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन वॉट्सन व रोझाली रेनर यांनी केलेला प्रयोग १९२० साली प्रसिद्ध झाला. आल्बर्ट नावाने ओळखला जाणारा एक बालक नऊ महिन्यांचा असताना त्याला पांढरा उंदीर, ससा, कुत्रा, कापूस इत्यादी दाखविण्यात आले. तो कशालाही भ्याला नाही. तो अकरा महिन्यांचा झाल्यावर त्याच्यापुढे उंदीर ठेवावयाचा, आणि त्याने हात लावताच त्याच्या पाठीमागे पोलादी कांबीवर हातोड्याने ठोका मारावयाचा, असा क्रम ठेवला. अशा सात वेळा झाल्यावर आवाज नसतानाही केवळ उंदीर पाहून मूल रडू लागले व रांगत दूर पळू लागले. पुढे तर असे दिसले की, ससा, कुत्रा, केसाळ कोट यांनाही ते भिऊ लागले आहे. लाकडी ठोकळ्यांशी मात्र ते पूर्ववत आनंदाने खेळे. ही भीती काढून टाकण्याची संधी मिळण्यापूर्वीच त्या बालकास रुग्णालयातून नेण्यात आले. असा प्रयोग आज कोणी करू म्हणेल तर त्याला परवानगी मिळणार नाही, आणि ते योग्यच आहे. तान्ह्या जीवाला मुद्दाम भिववून तसेच सोडून देणे हे शास्त्राच्या नावावरही क्षम्य नाही, असे माझे मत आहे.

परंतु त्या प्रयोगातून दिसलेली गोष्ट आपल्या वर्गात रोज घडत असते. उंदराने मुलाचे काही वाकडे केले नव्हते. तो फक्त वाईट प्रसंगाच्या वेळी तेथे हजर होता. त्याचप्रमाणे गणिताने कोणाही मुलाचे वाकडे केलेले नसते. सातचा पाढा म्हणताना अडखळले, त्याच क्षणी टेबलावर पट्टी आपटली व वर्ग हसला, की पाढा, फळा, पट्टी, गुरुजींचा आवाज आणि ती खोली या सर्वांना एकच रंग चढतो. उंदरावरून भीती सशावर गेली तशी ती पाढ्यावरून सगळ्या गणितावर जाते आणि गणितावरून शाळेवर. यास मानसशास्त्रात अभिसंधान असे नाव आहे. नाव लक्षात राहिले नाही तरी चालेल.

आपल्या घरांतूनही या कामी हातभार लागतो. मूल जेवत नाही, झोपत नाही, म्हणून त्याला बागुलबुवा दाखविण्याची रीत जुनीच आहे. अलीकडे बागुलबुवाच्या जागी पोलीस, सुई टोचणारे डॉक्टर, आणि आपण शिक्षक येऊन बसलो आहोत. 'थांब, उद्या गुरुजींनाच सांगते,' हे वाक्य ज्या मुलाने तीन वर्षे ऐकले आहे, ते पहिलीत येते तेव्हा आपली ओळख त्याला आधीच झालेली असते. पालकसभेत बोलण्यासारखा हा एक विषय आहे. आणि मूल आपल्याला भिते याचा काही पालकांना जो अभिमान वाटतो, तो काही शिक्षकांनाही वाटतो, हेही नमूद करणे भाग आहे. विस्तार अधिकारी तपासणीस आला असता वर्ग पुतळ्यासारखा निश्चल बसतो, यास पुष्कळजण शिस्त समजतात. मी अशा वर्गात एखाद्या मुलास सोपे उदाहरण विचारतो तेव्हा उत्तर येत असूनही त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. भीतीने भरलेल्या डोक्यात हातच्याचा एक ठेवावयास जागा उरत नाही.

भीती जडल्यावर ती टिकते कशी, हे समजून घेणे त्याहूनही महत्त्वाचे आहे. पोट दुखते म्हणून मूल घरी राहिले. घंटा झाली, जीव भांड्यात पडला. ही सुटका फार गोड असते, आणि जे गोड लागते ते मूल पुन्हा करते. शिवाय घरी राहिल्याने, शाळेत गेलो असतो तरी काही वाईट घडले नसते, हे पाहण्याची संधी हुकते. एका दिवसाचे चार दिवस होतात. चार दिवसांत दोन धडे पुढे जातात, घरचा अभ्यास साचतो, सोबती विचारतात, 'कोठे होतास?' म्हणजे भिण्याला नवीन कारणे मिळतात. ज्या मुलाला शाळेचे भय वाटते त्याला 'बरे वाटेपर्यंत राहू द्या घरी' असे सांगणे दयाळूपणाचे दिसते; परंतु त्या दयेने गाठ घट्ट होते.

मग यावर उपाय काय? मेरी कव्हर जोन्स या संशोधिकेने न्यूयॉर्क येथे लहान मुलांच्या भीतीवर निरनिराळे उपाय करून पाहिले व १९२४ साली त्यांचे फलित प्रसिद्ध केले. आपण गावोगाव जे उपाय करीत असतो तेच त्यांत होते, म्हणून ते पाहण्यासारखे आहे. भीतीची वस्तू कित्येक आठवडे दृष्टीआड ठेवली तर मूल ती विसरेल, असे प्रथम वाटले. ते विसरले नाही. वस्तू पुन्हा दिसताच पूर्वीसारखेच रडले. समजावून सांगण्याचाही प्रयोग झाला. पाचव्या वर्षात असलेल्या एका मुलीला सशाचे भय होते. तिच्याशी आठवडाभर रोज दहा मिनिटे सशाच्या गोड गोष्टी केल्या, चित्रे दाखविली. ती सशाविषयी आनंदाने बोलू लागली, मी त्याला हात लावला होता अशी बढाईही मारू लागली. आणि खरा ससा समोर येताच पूर्वीसारखीच भ्याली. चिडविणे, 'भित्रा' म्हणणे हे तर सर्व मुलांत चालतच असते. त्याने कोणाची भीती गेल्याचे जोन्स यांना आढळले नाही. उलट ती अधिक मुरण्याचाच संभव दिसला.

ज्या उपायांना यश आले ते दोन. पैकी एक म्हणजे न भिणाऱ्या मुलांची संगत. दुसरा म्हणजे भीतीची वस्तू मुलाच्या आवडीच्या गोष्टीबरोबर, बेताबेताने जवळ आणणे. दोन वर्षे दहा महिन्यांचा पीटर नावाचा मुलगा सशाला, उंदराला, केसाळ कोटाला, कापसालासुद्धा भीत असे. त्याला रोज सशाला न भिणाऱ्या तीन मुलांबरोबर खेळावयास सोडीत व मधूनमधून ससा तेथे आणीत. सुधारणा होऊ लागली. मध्येच त्याला आरक्तज्वर आल्याने दोन महिने रुग्णालयात राहावे लागले, आणि परत येताना एक मोठा कुत्रा अंगावर धावून आल्याने सर्व श्रम वाया गेले. भीती पूर्वपदावर आली. तेव्हा जोन्स यांनी दुसरी रीत धरली. पीटर खुर्चीत बसून त्याचा आवडता खाऊ खात असे. त्याच वेळी पिंजऱ्यातील ससा खोलीत आणावयाचा, परंतु इतक्याच अंतरावर की त्याचे खाणे थांबू नये. प्रारंभी ससा खोलीत कोठेही असला तरी तो घाबरे. मग बारा फुटांवर चालू लागला, मग चार फुटांवर, मग तीन. पुढे ससा पिंजऱ्याबाहेर खोलीत मोकळा चालला. नंतर दुसऱ्याने धरलेल्या सशाला पीटरने हात लावला, मग मांडीवर घेतला, आणि अखेर तो आपली बोटे सशाला कुरतडू देऊ लागला. प्रगती सरळ रेषेत झाली नाही, काही दिवस मागेही गेले. शिवाय जोन्स यांनी एक इशारा दिला आहे तो अत्यंत मोलाचा आहे : ससा घाईने फार जवळ आणला तर खाऊने सशाची भीती जाण्याऐवजी सशाने खाऊचीच भीती बसेल.

हे सर्व पुष्कळ काळ दुर्लक्षित राहिले. पुढे दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टर जोसेफ वोल्पे यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याच तत्त्वावर प्रौढांच्या भीतीवरील उपचार मांडला : रुग्णास प्रथम अंग सैल सोडावयास शिकवावयाचे, आणि त्या स्थितीत त्याच्या भीतीच्या गोष्टी कमी भीतीपासून अधिक भीतीकडे क्रमाने मनापुढे आणावयाच्या. आज मानसोपचारात भीतीवर जे उपचार होतात, त्यांत भीतीला क्रमाक्रमाने सामोरे जाण्याला मोठे स्थान आहे. आपल्या खेड्यांना ही युक्ती अगदीच परकी नाही. विहिरीत पोहावयास शिकविताना आपण मुलाच्या पाठीला भोपळा किंवा रिकामा डबा बांधतो, प्रथम पायऱ्यांवर बसून पाय हलवावयास लावतो, जाणता पोहणारा जवळ ठेवतो. यावर कोणी 'श्यामची आई'तील पोहण्याच्या प्रसंगाचा दाखला देतील, की तेथे आईने मारूनच श्यामला विहिरीवर धाडले. खरे आहे. परंतु त्या आईच्या मायेविषयी श्यामच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. चाळीस मुलांच्या वर्गातील प्रत्येक मुलास आपल्याविषयी तशी खात्री आहे, असे म्हणण्याचे धाडस आपल्यांपैकी कितीजण करतील?

आता शाळेत हे कसे करावयाचे ते पाहू. येईनासे झालेल्या मुलाच्या घरी शिक्षकाने स्वतः जावे, व शक्य तर शाळा सुटल्यावर जावे. सकाळी घंटेच्या वेळी गेल्यास ते पकडावयास आल्यासारखे दिसते. पहिल्या भेटीत 'का येत नाहीस?' हा प्रश्न विचारू नये. त्याचे उत्तर मुलाजवळ नसते, म्हणून ते काहीतरी बनवून सांगते. गाईचे वासरू, शेतातील हरभरा, यांविषयी बोलावे. आईवडिलांकडून मात्र बारकाईने माहिती घ्यावी : केव्हापासून, कोणत्या वारी अधिक, आदल्या रात्री झोप लागते का, घरात अलीकडे कोणाचे आजारपण, मृत्यू, भांडण झाले का, वडील ऊसतोडीस बाहेरगावी गेले आहेत का. कित्येकदा मूल शाळेला भीत नसून, आपण शाळेत असता आईला काही होईल याला भीत असते. वर्गात आणि वाटेवर काय घडले याचाही छडा लावावा. मोठ्या मुलांनी वाटेत अडवून दप्तर फेकून दिले असेल, तर तो बंदोबस्त प्रथम झाला पाहिजे. ते कारण कायम ठेवून मुलास धीर देणे व्यर्थ होय.

त्यानंतर पायऱ्या ठरवाव्या, आणि त्या मुलाच्या संमतीने ठरवाव्या. एखाद्या मुलास शाळा सुटल्यावर, मैदान मोकळे असता, एका सोबत्याबरोबर येऊन झाडांना पाणी घालणे जमेल. ते दोनतीन दिवस सुखाने झाले की दुपारच्या भोजनाच्या वेळी यावे. पीटरच्या खाऊचे काम येथे शालेय पोषण आहाराची खिचडी उत्तम करते. पंगतीत सर्वांबरोबर बसून जेवणे आणि नंतर एक तास खेळ अथवा चित्रकला. मग दुपारची सर्व सत्रे. मग सकाळची प्रार्थना. प्रत्येक पायरीवर थोडी धाकधूक राहणारच. ती मुळीच नसेल तर पायरी फार लहान आहे, आणि मूल थिजून जात असेल तर फार मोठी आहे. एक गोष्ट कटाक्षाने सांभाळावी. मूल वर्गात आल्यावर कासावीस झाले, तर त्याला त्याच क्षणी घरी धाडू नये. ओट्यावर बसवावे, पाणी द्यावे, सोबती जवळ द्यावा, आणि कासाविशी थोडी ओसरल्यावर मग जाऊ द्यावे. भीती चढते तशी आपोआप उतरतेही, हे त्याच्या शरीराला एकदा कळावे लागते. तोंडाने सांगून ते कळत नाही.

सर्वांदेखत वाचण्याची भीती तर प्रत्येक वर्गात दोघाचौघांना असते. तिचीही पायरी सोपी आहे. आधी सर्व वर्गाने एका सुरात वाचावे. मग त्या मुलाने शेजाऱ्याबरोबर दोघांनी मिळून, जागेवर बसूनच. पुढे आदल्या दिवशी सांगून ठेवलेले व घरी घोटलेले एकच वाक्य एकट्याने. मग परिच्छेद. ज्या मुलास वाचताच येत नाही, त्याची भीती मात्र अशा पायऱ्यांनी जाणार नाही. त्याला प्रथम वाचावयास शिकवले पाहिजे. भीती आणि अज्ञान यांची गल्लत आपल्या हातून पुष्कळदा होते.

सोबत्यांच्या उदाहरणाचे बळ फार मोठे आहे. १९६७ साली आल्बर्ट बांदुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्याला भिणाऱ्या बालवाडीतील मुलांना, त्यांच्याच वयाचा एक मुलगा कुत्र्याशी निर्भयपणे खेळताना दाखविला. थोड्याच बैठकांत पाहणाऱ्या मुलांची भीती लक्षणीय कमी झाली. म्हणून सोबती निवडताना वर्गातला पहिल्या क्रमांकाचा हुशार विद्यार्थी निवडू नये. साधारण बुद्धीचा, हसतमुख, चुकले तरी न लाजणारा असा निवडावा. आपल्याच राज्यातील ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचे कार्य या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. १९४५ पासून बोर्डी येथे व पुढे कोसबाडला त्यांनी काम केले. मुले शाळेकडे येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच पाड्यावरील अंगणात व गुरे चरतात त्या कुरणात नेली. त्यामागील कारणे अनेक होती. पण परक्या चार भिंतींत पाऊल टाकण्यापूर्वी शिक्षिका, गाणी व खेळ यांची ओळख आपल्या अंगणात व्हावी, ही पायरी त्यात आपोआप साधली गेली.

आता जे या लेखातून चुकीने घेतले जाऊ नये तेही सांगितले पाहिजे. प्रत्येक भीती उतरविण्याजोगी नसते. कठडा नसलेल्या विहिरीची, सापाची भीती असलेली बरी. आणि एखादे मूल एखाद्या विशिष्ट व्यक्तीस, मग ती घरातील, शेजारची वा शाळेतील का असेना, भीत असेल, तिच्याबरोबर एकटे राहावयास नकार देत असेल, तर तेथे पायऱ्या आखू नयेत. ती भीती बहुधा खरे बोलत असते. अशा वेळी मुलाचे शांतपणे ऐकून घ्यावे, त्याच्या शब्दांत आपले शब्द घालू नयेत, उलटतपासणी करू नये, आणि गावात वाच्यता करू नये. लैंगिक अत्याचाराचा संशय असल्यास पोलिसांना कळविणे हे २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्याने बंधनकारक आहे. शाळेची बदनामी होईल या विचारास तेथे जागा नाही. संकटात सापडलेल्या मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. आणि मूल शिक्षकाच्या छडीलाच भीत असेल, तर उपाय छडी टाकण्याचा आहे. शिक्षणहक्क कायदा, २००९ याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई केली आहे. अपमानास्पद नावाने हाक मारणे हे दुसऱ्या सदरात येते, हे कित्येकांच्या ध्यानात नसते.

गावात अशा मुलाला 'बाहेरची बाधा' झाली असे म्हणून देवऋषाकडे नेतात. आजीने दृष्ट काढली, अंगारा लावला, तर त्याची टवाळी करून घरच्यांना दुखवू नये; त्यांचा विश्वास आपणांस हवा आहे. मात्र बाधा उतरविण्याच्या नावाखाली मुलास मारणे, चटके देणे, धुरी देणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, हे त्यांना स्पष्टपणे सांगावे.

तीनचार आठवडे प्रामाणिक प्रयत्न करूनही मूल येत नसेल. किंवा ते खेळणेही सोडून एकटे बसत असेल, जेवण व झोप उडाली असेल. तर तज्ज्ञाकडे पाठविण्यास विलंब लावू नये. 'मेलो तर बरे' अशासारखे बोलू लागले, तर त्या दिवशीच घरच्यांशी बोलावे, मुलास एकटे ठेवू नये, व तज्ज्ञाशी संपर्क साधावा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ साली सुरू झाला. त्या कार्यक्रमातील तज्ज्ञांविषयी जिल्हा रुग्णालयात विचारणा करावी. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलि-मानस' सेवेचा क्रमांक १४४१६ हा असून, ती विनामूल्य आहे व मराठीतही बोलता येते. शिक्षकास स्वतःस सल्ला हवा असला तरी तेथे विचारता येईल. मुलास पाठविताना अर्ध्या पानाची चिठ्ठी द्यावी : त्रास केव्हापासून आहे, कोणत्या वेळी वाढतो, कोणती पायरी जमली, कोठे अडले, वाचन-लेखन कितपत येते. डॉक्टरला मूल दहापंधरा मिनिटे दिसते, आपणांस ते रोज पाच तास दिसत आलेले आहे. त्या चिठ्ठीचा उपयोग त्याला फार होतो. चिठ्ठी बंद पाकिटात, पालकांच्या हाती द्यावी. ती दुसऱ्या विद्यार्थ्याबरोबर धाडू नये, आणि तिची नक्कल शाळेच्या सूचनाफलकाजवळच्या उघड्या कपाटात ठेवू नये.